घोडीवरचा पवित्रा: मखमलाबादचे बारा दिवस

नाशिकला जाऊन आले म्हटलं की लोक आधी गंगेचं पाणी मागतात. मी पाणी आणलं नाही. देवळंही फारशी पाहिली नाहीत. दिवाळीच्या सुटीतले बारा दिवस मी नाशकात काढले ते घोड्यावर बसायला शिकण्यासाठी, आणि त्यातला बराच वेळ खाली पडण्यात गेला. तेव्हा ज्यांना क्षेत्राची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी लिखाण वाचावं.

कारण सांगते. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत मी वीस वर्षं लाठी, लेझीम आणि दांडपट्टा शिकवते. यंदा एका देशमुखांनी शाळेला दोन घोड्या देऊ केल्या. मुलींनी घोड्यावर बसायला शिकावं अशी त्यांची हौस. शाळेच्या मंडळात वाद झाला. शिकवायला पुरुष ठेवला तर पालक मुली पाठवणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी ठरलं की शिकवणारी बाई मिळाली तर घोड्या ठेवायच्या, नाहीतर सुटीनंतर परत पाठवायच्या. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, सुटीत शिकून येते.

हे मी फार पटकन म्हटलं. माझे वडील, आबा, एका लहान संस्थानात स्वार होते. घोड्यावरून बोथाटी खेळत. बोथाटी म्हणजे टोकाला बोंड लावलेला भाला. मला त्यांनी अंगणात लाठी आणि पट्टा शिकवला, आणि भावापेक्षा जास्त मनापासून शिकवला. घोडा मात्र भावाचा. मी हरभरा भिजत घालायचा, घोड्याचं अंग खराऱ्यानं घासायचं, आणि भाऊ रपेटीला गेला की भिंतीवर बसून लांब जाणारी धूळ बघायची. पुढं लग्न झालं, नवरा गेला, नोकरी लागली. आता चव्वेचाळीस वर्षांची झाले, तरी रस्त्यानं घोडा गेला की मी बोलता बोलता थांबते. शाळेतल्या मुलींना हे ठाऊक आहे. उशिरा आलेल्या मुली फाटकापाशी टांगा यायची वाट बघतात आणि तो जात असताना माझ्या पाठीमागून आत शिरतात.

नाशिकरोड ते पंचवटी

स्टेशनापासून गाव चांगलं दोन-अडीच कोस लांब आहे. टांगेवाला किसन नावाचा, तोंडात पान, हातात चाबूक. पण चाबूक त्यानं एकदाही वापरला नाही. वाटेत बैलगाड्या आडव्या आल्या तेव्हा त्यानं लगामही ओढला नाही. नुसता ताठ झाला, श्वास सोडल्यासारखं केलं, आणि घोडी थांबली. हे मी पाहिलं आणि तेवढ्यावर सोडून दिलं.

माझी चुलत बहीण आक्का पंचवटीत असते. तिच्याकडं सामान टाकून मी त्याच टांग्यानं, ज्यांना आधी पत्र लिहिलं होतं त्या गृहस्थांकडं गेले. ते सैन्यातून निवृत्त झालेले, बंगल्यामागं तबेला, खोगिरं चकचकीत. त्यांनी मला एक विलायती खोगीर दाखवलं.

"बाईंनी दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायचं. देवळालीच्या मडमा अशाच बसतात."

"मी काष्ट्याचं लुगडं नेसते," मी म्हटलं. "दोन्हीकडं पाय टाकायची सोय आमच्या पणज्यांनीच करून ठेवली आहे."

"मग मला जमणार नाही."

"मलाही."

चहा प्यायला थांबले नाही. बाहेर किसन सगळं ऐकत उभा होता.

"बाई, मंग चाँदभाईकडं चला की. ही माजी घोडी त्येंनीच शिकीवली. त्येंच्याकडं मडमांचं खोगीर नाय. कसलंच नीट खोगीर नाय."

मखमलाबाद

मखमलाबादकडं जाणारा रस्ता माळ्यांच्या मळ्यांतून जातो. दोन्हीकडं मेथी, कोथिंबीर, वांगी, आणि दिवाळी जवळ आल्यामुळं झेंडूच झेंडू. आमच्या वऱ्हाडात या दिवसांत डोळ्यांना सगळीकडं पांढरा कापूस दिसतो. इथं पिवळ्या रंगानं डोळे दिपतात. पाठीमागं रामशेजचा डोंगर, सकाळी निळा आणि दुपारी मातकट.

चाँदभाई सत्तरीचे. पूर्वी घोडदळाच्या रिसाल्यात होते. एक गुडघा वाकत नाही. आता टांग्याची तट्टं शिकवतात. घरी सून अमीना आणि अंगणापलीकडं तीन घोडी. त्यांनी मला पायांपासून वर पाहिलं, तोंडाकडं सगळ्यात शेवटी.

"काय येतं तुमाला?"

"लाठी येते. पट्टा येतो."

"अरेरे," ते म्हणाले. "ज्याला काय येत नाय त्याला शिकवनं सोपं. तुमाला लय टाइम लागंल."

"बारा दिवस आहेत."

ते मोठ्यानं हसले आणि अमीनेला म्हणाले, "बेटी, चाय रख. बाई मजाक करनेवाली है."

थट्टा करायला मी आले नव्हते. लाडी नावाची लालसर घोडी त्यांनी पुढं आणली. पाठीवर घोंगडी आणि ती बांधायला कातडी पट्टा, पाय ठेवायला रिकीब नाही. मी चढले. आणि पहिल्याच दिवशी जी चूक केली ती लाठी खेळणारा माणूसच करील.

आम्ही मुलींना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगतो: वार हातात नसतो. तो टाचेत सुरू होतो. टाच जमिनीला दाबली की जोर मांडीतून कंबरेत येतो, कंबर वळते, पाठीतून तो खांद्यात जातो आणि काठीच्या टोकाला बाहेर पडतो. हात नुसती वाट. मध्ये कुठं गाठ राहिली की जोर तिथंच अडतो. अंग सगळं एक व्हावं लागतं. त्यामुळं थोडं जरी डगमगलं तरी आमचं अंग आपोआप पवित्रा घेतं, म्हणजे गुडघे आवळून टाच दाबतं.

लाडीनं दोन पावलं टाकली, मी डगमगले, आणि पवित्रा घेतला. टाचेखाली जमीन नव्हती. लाडीची बरगडी होती. घोडीला टाच मारली तर ती काय करणार? ती सुटली. मी आणखी घट्ट आवळलं, ती आणखी सुटली. कुंपणाची फट ओलांडून आम्ही शेजारच्या मळ्यात शिरलो. तिथं लाडी थांबली आणि मी थांबले नाही.

झेंडूच्या दोन ओळी माझ्याखाली गेल्या. मळ्याची मालकीण सोनाबाई कमरेवर हात ठेवून आली.

"दिवाळी तोंडावर आली नि तुमी माज्या झेंडूवर लोळताय? अंगाला लावायला उटणं मिळंना का?"

"चुकलं," मी म्हटलं. उठून बसले. हाडं शाबूत होती. "नुकसान कसं भरून देऊ?"

"कशाला भरताय? तोडायला माणसं नाहीत. दुपारी हात लावा."

पलीकडून चाँदभाई ओरडले, "सोनाबाई, मास्तरीणबाई हायेत त्या!"

"मंग वळण चांगलं लागंल फुलांना," सोनाबाई म्हणाली.

पाटी

तीन दिवस असे गेले. सकाळी पडायचं, दुपारी झेंडू तोडायचा. अमीनेच्या हातची बाजरीची भाकरी, मेथी आणि लसणाची चटणी खायची. आम्ही ज्वारी खाणारी माणसं. बाजरी मला पहिल्या दिवशी कोरडी लागली, तिसऱ्या दिवशी मी तिसरी भाकरी मागितली. आक्काला मी कुठं जेवते हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कृष्णे, घोड्यावरून पडलीस त्याचं काही नाही, पण हे आईला कळलं असतं तर?" मी म्हटलं, "आई घोड्यालाही नाही म्हणाली असती." मग तिनं विषय सोडला आणि संध्याकाळी माझ्या पाठीला तेल चोळून दिलं.

चौथ्या दिवशी मी वैतागून चाँदभाईंना विचारलं, "टाचेत जमीन नाही, तर मी उभी कशावर राहू?"

त्यांनी बांधाकडं बोट केलं. सोनाबाई बांधावरून चालली होती, डोक्यावर झेंडूची भरलेली पाटी, हात मोकळे, वाटेत दगड आणि पाट. चालता चालता ती कोणाशी तरी भांडतही होती.

"ती पाटी बगा," ते म्हणाले. "हलती का?"

हलत नव्हती.

"नि सोनाबाई हलती का?"

नीट पाहिलं. ती सगळी हलत होती. टाच, गुडघा, कंबर, पाठीचा एक एक मणका, सगळं थोडं थोडं, आणि म्हणून पाटी स्थिर. मी वीस वर्षं मुलींना जोर खालून वर कसा न्यायचा ते शिकवत होते. सोनाबाई वाटेतला प्रत्येक धक्का खालून वर येऊ देत होती आणि वाटेत तो पिऊन टाकत होती. एकच रस्ता, माल मात्र उलटा.

चाँदभाईंनी अर्धी पाटी फुलं मागून घेतली, मला लाडीवर बसवलं आणि पाटी माझ्या डोक्यावर ठेवली.

"चाला."

"आणि पडली तर?"

"तर येचा."

त्या सकाळी मी सात वेळा उतरून फुलं वेचली. सोनाबाई बांधावर बसून हसत होती. अमीना दारात तोंडाला पदर लावून उभी होती. आठव्यांदा मी पाटीची काळजी सोडली, कारण मला थकवा आला होता, आणि थकल्यामुळं मांड्या सैल झाल्या. तेव्हा लाडीची पाठ मला पहिल्यांदा जाणवली. तिचा मागचा डावा पाय उचलला की माझी डावी बैठक खाली जाते, उजवा उचलला की उजवी. एवढी साधी गोष्ट. मी चार दिवस तिच्या पाठीवर बसत होते आणि तिला चालूच देत नव्हते.

"जमीन कुठं हाय आता?" चाँदभाईंनी विचारलं.

"तिच्या मागच्या पायाखाली."

"हां. तुमची टाच तिकडं हाय. इथं नुसतं बसायचं."

डावी बाजू

लक्ष्मीपूजन झालं. आक्काकडं अनरसे आणि चिवडा खाल्ला. इथल्या चिवड्यात तळलेला कांदा असतो, आमच्याकडं नसतो, त्यांचा चांगला. पाडव्याला सोनाबाईनं लाडीसाठी झेंडूचा हार पाठवला. लाडीनं तो खाल्ला.

एव्हाना दुडक्या चालीवर मी बसू लागले होते. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. डावीकडं वळवायला गेले की लाडी मान टाकून उजवीकडं सरकायची. मी म्हटलं, घोडीच्या तोंडात दोष आहे.

"उतरा," चाँदभाई म्हणाले. "तुमची लाठी दाखवा."

अंगणात मी लाठी फिरवली. खरं सांगायचं तर मन लावून फिरवली. आठ दिवस माझी फजिती पाहणाऱ्या माणसांना काहीतरी येतं हे दाखवायचं होतं. अमीनेनं टाळ्या वाजवल्या. चाँदभाई माझ्या मागं येऊन उभे राहिले, त्यांनी माझ्या डाव्या खांद्याखाली दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "आता डावा मारा."

मारला.

"इथं बंद हाय. खालून येतं नि इथं थांबतं. मंग तुमी हातानं मारता. लाडीला चार दिवसांत कळलं. तुमाला कदीच कळलं नाय?"

कळलं होतं. लहानपणी भिंतीवरून पडून तो खांदा दुखावला होता, आणि तेव्हापासून डावा वार मी हाताच्या जोरावर भागवत आले होते. बघणाऱ्याला कळत नाही. पण त्यांनी बोटं टेकवली तेव्हा मला दुसरंच आठवलं. माझ्या शाळेतल्या मुलींचा डावा वार कच्चा आहे. सगळ्यांचा. दरवर्षी परीक्षक हेच लिहून जातात आणि मी म्हणते, मुलींची डावी बाजू नाजूक असते. त्यांची डावी बाजू चांगली होती. त्या माझं पाहून शिकल्या. वीस वर्षांत किती मुली झाल्या असतील, आणि माझा एक दुखरा खांदा त्यांच्या अंगात जाऊन बसला आहे.

त्या दिवशी झेंडू तोडताना मी कोणाशी बोलले नाही. सोनाबाई म्हणाली, "आज पडल्या न्हाईत, म्हणून रुसल्या का काय?"

बाभळीचं पोतं

अकराव्या दिवशी चाँदभाईंनी मळ्यामागच्या मोकळ्या रानात बाभळीला पेंढा भरलेलं पोतं टांगलं आणि माझ्या हातात माझीच लाठी दिली.

"तुमचे वालिद बोथाटी खेळत व्हते ना? मारा जाताना. लाडीला धावू द्या, मधी येऊ नका."

पहिल्यांदा पोतं चुकलं. दुसऱ्यांदा लाठी हातातून उडाली. तिसऱ्यांदा रामशेजचा डोंगर समोर होता, वारा थंड होता, आणि लाडी चौखूर सुटली तेव्हा मी काहीच आवळलं नाही. तिचा मागचा पाय रेटला, तो रेटा पाठीतून माझ्या कंबरेत आला, कंबर आपली आपण वळली, आणि लाठी पोत्यावर बसली. आवाज इतका मोठा झाला की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. पोतं फाटलं. माझ्या हाताला काही लागलंच नाही. जन्मात मी इतका जड वार मारला नव्हता, आणि तो मी मारलेला नव्हता. घोडीच्या खुरातून निघालेला जोर माझ्यातून गेला होता, एवढंच.

आबा रोज संध्याकाळी हे करत होते. आणि मी भिंतीवर.

मी परत आले. चाँदभाईंनी तेच फाटकं पोतं दुसऱ्या बाजूला टांगलं. डावीकडून मी नऊ वेळा गेले. नऊ वेळा चुकले. शेवटच्या दोन खेपांना लाडीच पोत्यापासून लांब पळू लागली. सकाळी ती असं करत नव्हती. माझ्याकडून तिनं ते एका तासात शिकून घेतलं.

घोडीला खरारा करताना मी विचारलं. त्यासाठीच तर आले होते.

"चाँदभाई, मी मुलींना शिकवू शकेन का?"

त्यांनी लाडीचा खूर उचलून पाहिला, खाली ठेवला. "तुमच्याकडं कुनी पोरगी बारा दिस लाठी शिकली, नि दुसऱ्या गावाला जाऊन मास्तरीण झाली, तर तुमी काय कराल?"

"तिचे कान उपटीन."

"मी काय बोललो नाय," ते म्हणाले.

"किती दिवस लागतील?"

"दोन साल. रोज बसाल तर."

"रोज बसायला घोडी पाहिजे. मी शिकवते म्हटलं तरच घोड्या राहणार."

"मंग शिकवते म्हना. तितं कुनाला कळनार हाय?"

हे त्यांनी माझी परीक्षा घ्यायला म्हटलं नसावं. त्यांना माझी कीव आली होती. आणि खरंच कुणाला कळणार नव्हतं. मंडळातल्या एकाही माणसाला घोड्यावर बसता येत नाही. मी आवारात दोन फेऱ्या मारल्या असत्या आणि त्यांनी माना डोलावल्या असत्या. दोन घोड्या, रोज सकाळी, माझ्या हक्काच्या. मी खराऱ्याचा हात थांबवला नाही. पण लाडीची डावी बाजू येईपर्यंत माझं ठरलं होतं.

बाराव्या दिवशी निघताना अमीनेनं शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी दिली. सोनाबाई म्हणाली, "म्होरल्या दिवाळीला या. ओळी मोकळ्या सोडते पडायला." चाँदभाईंनी लाडीला फाटकापर्यंत आणलं नाही. ते बरं केलं.

अकोला

मंडळाला मी लिहून दिलं: मला बसता येतं, शिकवता येत नाही, घोड्या दोन वर्षं ठेवाव्या, त्यांचं खाणंपिणं आणि झाडलोट मी बघेन, त्यानंतर शिकवीन. मंडळानं विचार करून कळवलं की तसं ठरलं नव्हतं. ते खरं होतं. लाठीच्या वर्गात मी मुलींना सांगितलं की डावा वार मी चुकीचा शिकवला आहे, सगळ्यांनी पहिल्या पवित्र्यापासून सुरू करायचं, माझ्यासकट. एकीनं विचारलं, मग गेल्या वर्षीचे माझे गुण वाढणार का? मी नाही म्हटलं.

देशमुखांचं गाव लांब, म्हणून घोड्या रेल्वेनं परत जायच्या होत्या. स्टेशनापर्यंत न्यायला घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार एकच. मी म्हटलं, दोघींतली करडी घोडी मी नेते.

काष्टा आवळून चढले. गावातून सकाळची वेळ, दुकानं उघडत होती. ती शांत चालीची घोडी होती. तिची पाठ लाडीपेक्षा रुंद, पाऊल लांब. मारुतीच्या देवळापाशी तिनं एकदा डावीकडं वळताना मान टाकली. मी खांदा सोडला, श्वास सोडला, आणि ती वळली. नीट वळली. ते बघायला चाँदभाई नव्हते. मोतद्दाराला त्यात काही विशेष दिसलं नाही.

मालधक्क्यावर मी उतरले, लगाम त्याच्या हातात दिला, घोड्यांचा डबा लागेपर्यंत थांबले आणि शाळेची घंटा चुकू नये म्हणून पायी निघाले. रस्ता तोच होता. जाताना घोडीवरून कुंपणांच्या पलीकडची अंगणं दिसली होती: कुठं सडा-रांगोळी, कुठं वाळत घातलेली मिरची, एका ओसरीवर वेणी घालून घेणारी मुलगी. येताना नुसती कुंपणं दिसली.